नुसतं नाव पुरत नाही

बँकेच्या निर्बंध तपासणी विभागात दिवसभर एकच प्रश्न नाव बदलून समोर येत राहतो: हा तोच माणूस आहे का? परदेशातून पैसे आले की त्या संदेशातली नावं संगणक संयुक्त राष्ट्रं, अमेरिका, युरोपीय संघ यांच्या निर्बंध-याद्यांशी ताडून पाहतो. कुठे साम्य दिसलं की व्यवहार थांबतो आणि अलर्ट आमच्या रांगेत येऊन पडतो. पुढचं काम माणसाचं. आम्ही गुन्हेगार पकडतो, अशी बाहेर समजूत आहे. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ निरपराध माणसाला त्याच्या नावाच्या कचाट्यातून सोडवण्यात जातो. माझ्या मते या कामातलं कसब तिथेच पणाला लागतं.

1999 साली सुरक्षा परिषदेने ठराव 1267 मंजूर केला आणि तालिबानची मालमत्ता गोठवली. पुढे त्याच व्यवस्थेत अल-कायदाशी संबंधितांची यादी तयार झाली. नोव्हेंबर 2003 मध्ये तीत दाऊद इब्राहिम कासकरचं नाव चढलं. त्या नोंदीत 26 डिसेंबर 1955 ही जन्मतारीख आहे, रत्नागिरी हे जन्मस्थान आहे, उर्फ नावांची आणि पासपोर्टांची भली मोठी जंत्री आहे. अशा नोंदीशी ग्राहक खरोखर जुळला, तर दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याच्या कलम 51-ए खाली बँकेने 24 तासांच्या आत केंद्र सरकारच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ग्राहकाला आधी सूचना द्यायची नसते, नाहीतर पैसे पसार होतात.

आता याच नोंदीची दुसरी बाजू. रत्नागिरी, रायगडमधली कितीतरी घरं आखाती देशांतल्या कमाईवर चालतात. समजा दुबईहून पैसे आले. बँकांमधल्या जुन्या पद्धतीच्या स्विफ्ट संदेशात पैसे घेणाऱ्याच्या नाव-पत्त्याला 35 अक्षरांच्या चार ओळी मिळत, त्याच्या जन्मतारखेला वेगळी जागाच नसे. पैसे घेणाऱ्याचं नाव इब्राहिम, वडिलांचं दाऊद, पत्ता रत्नागिरी जिल्ह्यातला. दोन्ही शब्द जुळले, जिल्हाही जुळला. शब्दांच्या क्रमावर सॉफ्टवेअर विसंबत नाही, आणि ते योग्यच आहे. कुठे आडनाव आधी लिहितात, कुठे कारकून उलटसुलट टाइप करतो. पण आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. यादीतला दाऊद हा इब्राहिमचा मुलगा. समोरचा इब्राहिम हा दाऊदचा मुलगा.

हे ज्याच्या लक्षात येतं त्याचं निम्मं काम झालं. निम्मंच, कारण रिवाजाच्या भरवशावर अलर्ट बंद करता येत नाही. केवायसीची कागदपत्रं उघडायची, जन्मतारीख काढायची, फोटो पाहायचा, पाठवणारा कोण, नातं काय, खातं किती जुनं, हे तपासायचं. जन्मवर्षांत तीसेक वर्षांचं अंतर निघालं की शंकेला जागा उरत नाही. तोवर त्या घरी मुलाची फी थकलेली असू शकते, दवाखान्याचं बिल थांबलेलं असू शकतं.

नावं जुळवण्याची तंत्रं जुनीच आहेत. 1918 साली अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत उच्चारावरून नावांना संकेतांक देते, पण पहिलं रोमन अक्षर तसंच ठेवते. लिबियाच्या मुअम्मर गद्दाफीवर 2011 मध्ये निर्बंध आले. त्याचं आडनाव इंग्रजीत कुणी ‘जी’ने लिहितं, कुणी ‘क्यू’ने. साउंडेक्सच्या लेखी हे दोघे वेगळे. म्हणून आता किती अक्षरं बदलली तर एक नाव दुसरं होईल, हे मोजून साम्याची टक्केवारी काढतात. किती टक्क्यांना थांबवायचं, हे मात्र बँक ठरवते. रेषा खाली ओढली तर अलर्टचा पूर येतो, वर नेली तर नको तो निसटतो.

आळशी जुळणीची किंमत काय, हे अमेरिकेत ट्रान्सयुनियन या पतमाहिती कंपनीच्या खटल्यात दिसलं. ती फक्त नाव आणि आडनाव ताडत होती, जन्मतारीख पाहतच नव्हती. 2011 मध्ये गाडी घ्यायला गेलेल्या एका ग्राहकाचं नाव अतिरेकी आणि अमली पदार्थांच्या तस्करांच्या सरकारी यादीशी जुळत असल्याचा शेरा विक्रेत्याला मिळाला आणि त्याने गाडी विकायला नकार दिला. अशा शेऱ्यांची 8,185 माणसं खटल्यात होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या ज्यांचे अहवाल बाहेर गेले होते, त्या 1,853 जणांचाच दावा ऐकण्याजोगा मानला. बाकीच्यांच्या फायलींवरही तोच शेरा होता.

उलट, यादीत नाव नाही म्हणून मोकळं सोडूनही चालत नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींची मिळून 50 टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असेल, तर त्या कंपनीवरही निर्बंध लागू होतात, तिचं नाव कुठेच छापलेलं नसलं तरी.

आणि यादीत नाव असलं म्हणजे प्रश्न संपला, असंही नाही. सौदी उद्योजक यासिन कादी यांचं नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत 2001 मध्ये चढलं. कारणं न सांगता, बाजू न ऐकता मालमत्ता गोठवून ठेवता येणार नाही, असं युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये बजावलं. 2009 मध्ये सुरक्षा परिषदेने नाव वगळण्याचे अर्ज तपासायला लोकपाल नेमण्याची सोय केली. तिथल्या तपासणीनंतर 2012 मध्ये कादींचं नाव निघालं. तोवर अकरा वर्षं गेली होती. नाव चढवण्यातली तत्परता उतरवताना दिसत नाही.

नव्या सहकाऱ्यांना मी एकच आग्रह धरते. ‘फॉल्स पॉझिटिव्ह, बंद’ एवढ्यावर टिपण संपवायचं नाही. कोणता तपशील जुळला, कोणता जुळला नाही, तो कुठल्या कागदावरून पाहिला, हे लिहायचं. पुढच्या महिन्यात त्याच माणसाचे पैसे पुन्हा आले, तर त्याला पुन्हा तिष्ठत ठेवायची वेळ येता कामा नये. आता नव्या आयएसओ 20022 पद्धतीच्या संदेशांत जन्मतारखेसाठी रकाना आहे. खातं उघडताना शाखेत ती नीट घेतली आणि पाठवणाऱ्या बँकेने रकाना भरला, तर यातले कितीतरी अलर्ट उठणारच नाहीत. संशय घेण्याचा अधिकार आम्हाला कायद्याने दिला आहे. तो संशय पुराव्याने लवकरात लवकर फेडण्याची जबाबदारी मी त्या अधिकाराचाच भाग मानते.