हरणाऱ्यांचं टाइमटेबल

आमच्या ऑफिसात कँटीनच्या शेजारी एक पूल टेबल आहे. एचआरच्या मते ते कर्मचाऱ्यांच्या आनंदासाठी आहे. प्रत्यक्षात टेस्ट रन संपेपर्यंत वेळ काढायला ते फार उपयोगी पडतं. माझ्या टीममधला एक मित्र दोन वर्षं अमेरिकेत ऑनसाइट होता आणि तिथे वीकेंडला एका लोकल पूल टूरमध्ये खेळायचा. परत आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला त्या टूरच्या गोष्टी सांगतो. मी अर्थातच कॅरमच्या सांगतो. त्याच्याशी वाद घालता घालता जे डोक्यात जमलं ते आज लिहून काढतोय. पूल आणि कॅरममध्ये श्रेष्ठ काय, हा वाद नाही (तो कॅरम!). वाद आहे तो स्पर्धा कशा भरवाव्यात याचा.

आधी पूल टूर म्हणजे काय ते. एकच मोठी स्पर्धा नाही, तर वर्षभर वेगवेगळ्या हॉलमध्ये होणाऱ्या स्पर्धांची माळ. दर स्पर्धेला प्रवेश फी, जितकं पुढे जाल तितके गुण, आणि वर्षअखेरीस गुणांची बेरीज. नाईन-बॉलमध्ये 'रेस टू सेव्हन', 'रेस टू नाईन' असं असतं, म्हणजे जो आधी सात किंवा नऊ रॅक जिंकेल त्याची मॅच. कच्च्या खेळाडूला पक्क्यासमोर दोन-तीन रॅकची सूटही मिळते. ती मनाने ठरवत नाहीत. फार्गो रेटिंग नावाचा आकडा प्रत्येक खेळाडूला चिकटलेला असतो आणि दोघांच्या आकड्यांत १०० चा फरक असेल तर वरचा खेळाडू खालच्याच्या एका रॅकमागे दोन रॅक जिंकेल असा त्याचा अर्थ. बुद्धिबळातल्या एलो रेटिंगचा चुलतभाऊच म्हणा.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे एक मॅच हरलात तर घरी जायचं नसतं. तुम्ही हरलेल्यांच्या ड्रॉमध्ये जाता, तिथे खेळत राहता आणि दुसऱ्यांदा हरलात की मगच बाद. अगदी यूएस ओपनसारख्या २५६ जणांच्या मोठ्या स्पर्धेतही सुरुवातीचा टप्पा असाच असतो, एका पराभवात बाद व्हायचा नियम शेवटच्या ६४ जणांपासून लागू होतो.

आपल्याकडे पूल, बिलियर्ड्स, स्नूकर जिमखान्यांच्या बाहेर फारसं पडलंच नाही. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला विश्वविजेता. तरी टेबल काही गावात आलं नाही. येणार कसं? स्लेटच्या लाद्यांचं शेकडो किलोंचं धूड ते. कॅरमचा बोर्ड मात्र एसटीच्या टपावरून येतो आणि तिथून पुढे मिनिडोअरमध्ये आडवा-उभा करून घरी जातो. त्यामुळे मराठी माणसाची पूल टूर कुठली असेल तर ती कॅरमची. राज्य मानांकन स्पर्धा आज या शहरात, दोन महिन्यांनी त्या जिल्ह्यात, असं फिरत असतात.

माझं गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. नाव सांगितलं की वाचणारी माणसं लगेच म्हणतात, "अरे, विनोबांचं गागोदे!" हो, तेच. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा तिथे जन्मले. गणिताचं त्यांना अतोनात प्रेम होतं आणि १९५१ साली पोचमपल्लीपासून सुरू झालेली भूदानाची पदयात्रा त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. तेव्हा 'टूर' या विषयावर आमच्या गावाचा थोडा तरी अधिकार आहे :)

गावात माझा मोठा चुलतभाऊ राहतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि कॅरम खेळतो. 'खेळतो' म्हणजे टाइमपास नव्हे. लांबचा कट, रिबाउंड, थर्ड पॉकेट, सगळं त्याच्या हातात आहे. वर्षातून तीन-चार मानांकन स्पर्धांना तो जातो. त्यात जायचं म्हणजे काय करायचं, हे मी त्याच्यामुळे जवळून पाहिलंय.

आधी जिल्हा संघटनेमार्फत प्रवेशिका. मग ड्रॉ निघायची वाट. तो व्हॉट्सअॅपवर येतो. त्यात नाव शोधायचं, फेरी आणि वेळ बघायची आणि मग सुपरवायझरकडे जायचं. ज्यांना नोकरीच खेळामुळे मिळालीय त्यांना स्पर्धेसाठी रजेचा प्रश्न इतका पडत नाही. माजी विश्वविजेता प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेकडून खेळत आलाय, असे आणखीही आहेत. दादासारख्याला मात्र सहकाऱ्याशी शिफ्टची अदलाबदल करावी लागते आणि त्या बदल्यात गणपतीत किंवा दिवाळीत त्याची पाळी भरून द्यावी लागते. म्हणजे प्रवेश फी पैशात एकदा आणि पाळीत एकदा!

आता जरा हिशोब. (कंटाळा येत असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. पण नका गाळू, मजा आहे.)

बाद पद्धतीत प्रत्येक मॅच एकाला घरी पाठवते. विजेता सोडून सगळ्यांना घरी पाठवायचंय, म्हणून २५६ खेळाडूंना बरोबर २५५ मॅचेस लागतात. आणि त्यातले १२८ जण एकच मॅच खेळतात. निम्मे लोक! प्रवेशिका १७३ आल्या तर? ड्रॉ २५६ चाच करावा लागतो, ८३ जणांना बाय मिळते आणि उरलेले ९० जण पहिल्या फेरीत ४५ मॅचेस खेळतात. बाय आधी मानांकितांना. मराठीत गंमत अशी की क्रमवारी ठरवणारी स्पर्धा तीही 'मानांकन' स्पर्धा आणि ड्रॉमधली वरची जागा तेही 'मानांकन'. एकदा मान मिळाला की पुढचा अंक आपोआप वाढतो. पहिल्या मानांकिताला आणि दुसऱ्याला ड्रॉच्या दोन टोकांना ठेवतात, म्हणजे ते फायनलआधी भेटत नाहीत. यात गैर काही नाही, त्यांनी ते कमावलंय. पण परिणाम असा होतो की चांगला खेळाडू दुपारी आरामात येतो आणि ज्याला कोणी ओळखत नाही त्याला सकाळी नऊला बोर्डावर बसावं लागतं. मग तो आदल्या रात्री निघतो, ओळखीच्याकडे पथारी टाकतो, अर्धवट झोपेत पाऊण तासात हरतो. आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

कॅरमच्या नियमांत आयोजकाला वाचवणारी एक फार सुंदर सोय आहे. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, यातलं जे आधी होईल ते. तीनपैकी दोन गेम जिंकायचे. नुसतं '२५ गुण' असतं आणि दोघं एकेका गुणाने झुंजत राहिले असते तर एक गेम ४९ बोर्डांपर्यंत गेला असता! आठ बोर्डांची मर्यादा असल्यामुळे पूर्ण मॅच जास्तीत जास्त २४ बोर्डांची, बरोबरी झालीच तर वरती एखादा जादा बोर्ड. एका बोर्डाला चार-पाच मिनिटं धरा, म्हणजे वाईटात वाईट दोन तासांच्या आत सुटका. क्वीनचे तीन गुणही एकवीस गुणांपर्यंतच मिळतात, बाविसाव्यापासून नाही, त्यामुळे पुढे असलेल्याला एका फटक्यात गेम उरकता येत नाही. ज्याने हे नियम लिहिले त्याने कधीतरी हॉल रिकामा करून द्यायची घाई अनुभवलेली असणार.

म्हणून मित्राला मी म्हटलं, तुमची दोन पराभवांची पद्धत छान आहे, पण मॅचेस दुप्पट होतात. २५६ जणांना निदान ५१० मॅचेस. पूल हॉलमध्ये टेबलं कायमची मांडलेली असतात आणि मालकाला खेळणारे जास्त वेळ थांबले तर चहा-कॉफीचे पैसे मिळतात. आमच्याकडे हॉल शाळेचा. सोमवारी प्रार्थना असते. बोर्ड मांडायचे, प्रत्येकावर दिवा लटकवायचा, पावडर उडू नये म्हणून पंखे बंद ठेवायचे, पंच जमवायचे. तेही बहुतेक हौशीच, कोणाच्या तरी घरचं लग्न टाळून आलेले.

"मग हरणाऱ्याला काय?" त्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर द्यायची संधी मला लगेचच मिळाली, कारण गावच्या मंडळाने दिवाळीनंतर तालुक्यापुरती स्पर्धा ठेवली होती आणि 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ड्रॉचं काम माझ्याकडे आलं. (गणपतीत ठेवायची की नंतर यावर एक बैठक खर्ची पडली. पावसाळ्यात आमच्याकडे बोर्ड ओल धरतो, सोंगटी रांगते. थंडीत तोच बोर्ड पळतो. दिवाळीनंतर ठरलं.)

प्रवेशिका आल्या ४३, बोर्ड सहा. लॅपटॉपवर ड्रॉ पाच सेकंदात निघाला असता. मी काढला नाही. कंपनीत आम्ही रँडम नंबर जनरेटरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, पण ज्याची पहिली मॅच गेल्या वर्षीच्या विजेत्याशी पडते त्याने माझ्या लॅपटॉपवर का विश्वास ठेवावा? देवळात सगळ्यांसमोर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि दुसरीतल्या एका मुलीने त्या उचलल्या. कोणीही हूं की चूं केलं नाही.

लॅपटॉप वापरला तो त्यानंतर. ड्रॉ एकदा ठरला की कोण कोणाशी खेळणार हे बदलता येत नाही, पण एकाच फेरीतल्या मॅचेस कुठल्या क्रमाने लावायच्या हे आपल्या हातात असतं. त्याने कोणाचाच फायदा-तोटा होत नाही. पहिल्या फेरीत ११ मॅचेस आणि २१ बाय. गावातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या मॅचेस नऊला, हायवेपलीकडून येणाऱ्यांच्या अकरानंतर, रात्रपाळी करून येणाऱ्या दोघांच्या दुपारी. एक्सेलमध्ये तीन कॉलम वाढवले, बस्स. प्रत्येकाला दोन दिवस आधी वेळ आणि बोर्ड नंबर कळवला. पेणच्या पलीकडून आलेले एक काका मला शोधत आले आणि म्हणाले, "साडेअकरा म्हणजे खरंच साडेअकरा? मी दहापासून थांबायची तयारी करून आलो होतो."

दुसरी गोष्ट दादाने सुचवली. आपली पहिलीच मॅच हरलेले सगळे, तसे २४ जण झाले, त्यांना दोन बोर्ड वेगळे द्यायचे. पंच नाही, फी नाही. एकच गेम, तोही चार बोर्डांचा. बक्षीस एक बऱ्यापैकी स्ट्रायकर.

यावर बैठकीत नानांनी हरकत घेतली होती. "हरलेल्या माणसाला परत बसवून परत हरवायचा? त्यापेक्षा जेवून जाऊ द्या की त्याला."

दादा म्हणाला, "नाना, तुम्ही दोन तास गाडीत बसून कुठे गेलात आणि दारातूनच परत पाठवलं तर जेवण गोड लागेल का?"

नानांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नाही, आजतागायत कळलेलं नाही. पण संध्याकाळी ते त्या दोन बोर्डांपाशीच खुर्ची टाकून बसले होते. २४ पैकी पाच जण आधीच घरी गेले, एकोणीस थांबले. म्हणजे १८ मॅचेस. मुख्य स्पर्धेची सेमीफायनल चालू असताना इकडे जास्त आरडाओरडा होता. कोणी फाऊल केला की ड्यूची सोंगटी कोण लावणार यावर आठ जण पंच झाले होते. स्ट्रायकर जिंकला तो दहावीतला मुलगा. सकाळी त्याची मॅच तेवीस मिनिटांत संपली होती.

राज्य पातळीवर हे सगळं जमेल असं माझं म्हणणं नाही. तिथे पुरुष, महिला, वयस्कर असे गट असतात, कित्येक जिल्ह्यांतून माणसं येतात, आकडे मोठे असतात. पण वेळ आधी सांगणं आणि लांबून येणाऱ्याची पहिली मॅच दोन तास उशिरा लावणं याला जादा बोर्ड लागत नाही की जादा पंच. तो फक्त सॉर्टिंगचा प्रश्न आहे आणि सॉर्टिंग आपल्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मित्र म्हणतो हे एखादं छोटं अॅप करून संघटनांना फुकट द्यावं. एक्सेल पुरे, असं माझं मत आहे. अॅप केलं की ते सांभाळायला माणूस लागतो.

परवा दादाचा फोन आला होता. पुढच्या मानांकन स्पर्धेचा ड्रॉ आलाय. बाय नाही. पहिली फेरी, शनिवारी सकाळी नऊ. जिंकला तर पुढची मॅच तिसऱ्या मानांकिताशी आहे, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, उलट खुशीतच होता. अडलं होतं ते शुक्रवारच्या सेकंड शिफ्टवर. ती रात्री अकराला सुटते आणि बदली करणारा सहकारी त्या बदल्यात होळीची पाळी मागतोय. होळीला दादा गावात नसेल तर पालखीला खांदा कोण देणार, यावर काकू आणि त्याचं अजून बोलणं चालू आहे.