नाचणीच्या दाण्याएवढा

28 सप्टेंबर, आंबोली

पाऊस सरला असं घाटाखालची माणसं म्हणतात. इथे वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे सरला तरी झाडं दिवसभर टिपकत राहतात. काकांबरोबर ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले. अंजनीची दाट झाडी, मधूनमधून जांभूळ आणि पिसा. पाचोळा चार बोटं जाड. वरची पानं ओली, अखंड. त्याखाली जाळी झालेली. सगळ्यांत खाली काळा भुसभुशीत चुरा. हवा असतो तो हा चुराच. एक चौरस मीटर आखायचा, पाचोळा हातांनी खरवडून चाळणीत भरायचा, गदागदा हलवायचा आणि खाली आलेलं कापडी पिशवीत बांधायचं. दुपारपर्यंत सहा पिशव्या झाल्या. जळवा मोजल्या नाहीत.

वनखात्याच्या परवानगीपत्रात किती नमुने, कोणत्या हद्दीतून, हे सगळं लिहिलेलं आहे. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "इतक्याशा जिवाक नाव कशाक व्हया गो?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही.

30 सप्टेंबर

पिशव्या खोलीच्या आढ्याला टांगल्या आहेत. आतल्या जाळीतला चुरा सुकत जातो तसे जीव ओलाव्याच्या शोधात खाली उतरतात आणि तळाशी बांधलेल्या अल्कोहोलच्या भांड्यात पडतात. पहाटे बॅटरी लावून पाहिलं. मुंग्या, माइट, उड्या मारणारे स्प्रिंगटेल आणि त्यांत एक नारिंगी ठिपका. भिंगाखाली धरला, तर आठ पाय.

काकांनी भिंग हातात घेतलं. "नाचण्याच्या दाण्याएवढो आसा."

आकारही तोच, रंगही जवळपास तोच. माझ्या पट्टीने दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

4 ऑक्टोबर, पुणे

डोळे सहा. बहुतेक कोळ्यांना आठ असतात. पोटावर वर-खाली दोन कडक ढाली, मध्ये मऊ कातडीची फट. ओनोपिडी कुळ, याबद्दल शंका नाही. हे कोळी जाळं विणून बसत नाहीत, पाचोळ्यातच हिंडून शिकार करतात. पण ही मादी आहे, आणि एकट्या मादीवरून पुढे जायचा धीर मला होत नाही.

नराच्या तोंडाशी दोन आखूड स्पर्शपाद असतात. त्यांच्या टोकाच्या फुगीर बोंडातून तो मादीला वीर्य देतो. या बोंडाचा आकार जातीगणिक बदलतो, म्हणून कोळ्यांच्या जाती ओळखायची पहिली खूण बहुधा तिथेच शोधतात. नर हवाच.

19 ऑक्टोबर

आठवडाभर जुनी वर्णनं वाचते आहे. पोकॉकचा 1900 सालचा खंड चाळला. टिकादरांनी पुण्यात राहून केलेलं काम पुन्हा वाचलं. पण या कुळासाठी पार मागे, 1893 पर्यंत जावं लागतं. फ्रान्सच्या युजीन सिमोंने त्या वर्षी श्रीलंकेतल्या काही ओनोपिडींची वर्णनं छापली. मजकूर आखूड, आणि त्याच वर्णनात बसतील अशा चार जाती आज दाखवता येतील. सिमोंचा संग्रह पॅरिसच्या संग्रहालयात आहे. सुदैवाने नॉर्मन प्लॅटनिक यांच्या पुढाकाराने या कुळाचं जगभराचं काम पुन्हा उभं राहिलं आणि पुष्कळ जुन्या नमुन्यांची नवी चित्रं आणि छायाचित्रं मिळतात. एकेक काढून माझ्या मादीशेजारी लावते आहे. जवळची दोन आहेत. पण ढालीवरची नक्षी वेगळी.

वेगळी आहे, असं वाटणं आणि वेगळी आहे, असं म्हणणं यांत किती रात्री जातात!

11 नोव्हेंबर, आंबोली

नर मिळाले. दोन! त्याच ओढ्याकाठी, पहिल्या जागेपासून वीस पावलांवर. एका नराच्या शेजारच्या चुऱ्यात आणखी एक मादीही होती. काकांनीच आधी पाहिला; आता त्यांना भिंग लागत नाही.

रात्री झोप आली नाही. त्यांतला एक पांढऱ्या बशीत अजून चालत होता. कडेपर्यंत जायचा, थांबायचा, पुढचे पाय उचलून हवा चाचपायचा. त्याला नाव द्यायचं तर त्याला मारावं लागणार. ज्या एका नमुन्यावर नाव कायमचं टांगलेलं राहतं, तो पुढच्या प्रत्येकाला तपासता यावा लागतो. हे मला पटलेलं आहे. तरी बशी बराच वेळ तशीच ठेवली.

2 डिसेंबर, पुणे

डावा स्पर्शपाद सुटा करताना सुईच्या टोकावरून निसटला. दोन तास बशीचा तळ इंचाइंचाने पाहिला. सापडला तेव्हा हात थरथरत होते. मादीचं पोट लवंगेच्या तेलात ठेवलं आहे. तेलाने ते पारदर्शक होतं आणि आतली रचना दिसू लागते. खोलीभर वास सुटला आहे. लहानपणी दाढ दुखली की आई कापसाचा बोळा लावायची, तोच.

17 जानेवारी

दुसऱ्या नराला सोन्याचा मुलामा दिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी इतका पातळ थर लागतो की साध्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पडद्यावर बोंड हातभर मोठं झालं. टोकाला एक वाकडा काटा, विळ्यासारखा आतल्या बाजूला वळलेला. जवळच्या दोन्ही जातींत तो नाही.

आता म्हणते: वेगळी आहे.

9 फेब्रुवारी

नावाचा विचार. नियम सोपे आहेत: एका पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी 'आय', स्त्रीच्या नावावरून असेल तर 'एई', गावावरून बहुधा 'एन्सिस'. 2021 मध्ये ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं नाव हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून इशियस तुकारामी ठेवलं गेलं. ते वाचलं तेव्हा डोळे भरून आले होते.

काकांना फोन केला. तुमचं नाव देऊ का, विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा नको. नाचण्याचा दी."

ठरलं. छापून येईपर्यंत नियमाने ते नावच नव्हे, म्हणून वहीतही लिहीत नाही.

23 मार्च

वर्णन लिहिते आहे. इंग्रजीत लिहायचं असतं, पण आधी मराठीत सांगून पाहते. मराठीत सांगताना अडले, की तिथे माझं बघणंच कच्चं राहिलेलं असतं. "काटा वाकडा" म्हटलं आणि लक्षात आलं, कुठून वाकडा ते मी नीट मोजलेलंच नाही. परत सूक्ष्मदर्शकाशी. बुडापासून दोन तृतीयांशावर वळतो, आणि वळतो तिथे किंचित जाड होतो. शंभर वर्षांनी कुणी हे वाचेल तेव्हा मी शेजारी बसून बोट दाखवणार नाही.

जगातल्या नोंदवलेल्या कोळ्यांच्या जातींनी 2022 च्या एप्रिलमध्ये 50,000 चा आकडा ओलांडला. त्या यादीत ही एक ओळ. पण ती ओळ नसेल, तर ओढ्याकाठच्या त्या उतारावर उद्या काही बांधायचं ठरलं तेव्हा अहवालात काय लिहिणार? "कोळी, बारीक." काकांना हेच उत्तर द्यायला हवं होतं.

14 जून

निबंध गेला. नमुने आकुर्डीला, प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा केले. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत अल्कोहोल, आणि शाईने लिहिलेली चिठ्ठी: सिंधुदुर्ग, आंबोली, ओढ्याकाठचा पाचोळा, तारीख. गोळा करणाऱ्यांच्या जागी दोन नावं आहेत. काकांचं पहिलं लिहिलं.

आंबोलीत काल पाऊस लागला. काका सांगत होते, ओढा भरून वाहतो आहे आणि वरच्या अंगाला जायची वाट बंद झाली आहे.