हृदयाची झडप आणि विष्णुदत्तेचे दान

स्मरणिकेसाठी शाळेच्या काही आठवणी लिहून द्याव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला. डोळ्यांपुढे वंदनेची सकाळ यावी, स्नेहसंमेलने यावीत, तसे झाले नाही. आठवला तो मैदानाच्या कडेला गुडघा धरून बसलेला तेरा वर्षांचा एक मुलगा. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेझमाचा सराव चालला होता. "काल डावा गुडघा दुखत होता, आज उजवा कसा रे?" असे मी सर्वांसमक्ष विचारले. मुले हसली. सोंग घेणाऱ्याचेच दुखणे जागा बदलते, अशी माझी समजूत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारे हे दुखणे मी आमच्याच घरात पाहिले होते.

१९८६ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण अकरा वर्षांची होती. नाशिकच्या वस्तीतील दोन खोल्यांत आम्ही सात माणसे राहत होतो. तिचा घसा दुखू लागला तेव्हा आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. घसा बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. शेजारच्या बायका म्हणाल्या, वाढीचे दुखणे आहे. तेही बरे झाले आणि आम्ही विसरलो. आम्ही विसरलो, पण तिचे हृदय विसरले नव्हते.

१९९९ साली ती चोवीस वर्षांची होती, पदरी दोन वर्षांचा मुलगा. जिना चढताना धाप लागू लागली. रात्री उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपावे लागे. तपासणीत समजले की, हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप आखडून घट्ट झाली आहे आणि गळतेही आहे. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून आम्हाला सारे समजावले. हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा करावे लागते. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो. शरीर त्या जंतूंशी लढताना काही मुलांच्या बाबतीत आपपर विसरते आणि स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांधे सावरतात; झडपेवर मात्र व्रण राहतो आणि वर्षानुवर्षे जाड होत जातो. पाच ते पंधरा या वयातील मुलांना हा धोका अधिक. दाटीवाटीने राहणाऱ्या, वेळेवर औषध न मिळणाऱ्या कुटुंबांत हा रोग घर करतो. मी इतिहासाचा विद्यार्थी. कोणी कोणत्या वस्तीत आणि किती खोल्यांत राहायचे, हे ज्या समाजरचनेने ठरवले, तिचाच व्रण बहिणीच्या झडपेवर उमटलेला मला दिसला.

झडप बदलणे हाच उपाय होता. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक धातूची; ती टिकाऊ, पण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि त्या गोळीमुळे गरोदरपण जोखमीचे होते. दुसरी प्राण्याच्या ऊतींची. तिला ती गोळी कायम लागत नाही, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. "कोणत्या प्राण्याच्या?" आईने विचारले. डुकराची झडप, किंवा गाईबैलांच्या हृदयाभोवतीचे पातळ आवरण, असे उत्तर आले.

आई बराच वेळ गप्प होती. तिच्या वडिलांनी गावकीच्या कामात मेलेली गुरे ओढली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. तो आमच्या आजोळी पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. बाहेर व्हरांड्यात येऊन आई म्हणाली, "ज्याला हात लावला म्हणून माझ्या बापाला गावानं शिवून घेतलं नाही, ते इथं काळजाला शिवतात!" शिवणे या एका शब्दातले दोन अर्थ त्या निरक्षर बाईने असे समोरासमोर उभे केले. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना गोमांसाच्या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. ती मी एम. ए.ला अभ्यासली होती. तिचा अर्थ मला त्या व्हरांड्यात उमगला. त्या वॉर्डात सर्व जातिधर्मांची माणसे होती. झडप कशाची, याचा विटाळ एकालाही वाटत नव्हता. जीव वाचवताना विटाळ आठवत नाही, याचा अर्थ तो कधीच खरा नव्हता.

बहिणीने धातूची झडप निवडली. "दादा, एक लेकरू आहे, तेच वाढवीन. पुन्हा छाती उघडायला नको," ती म्हणाली. तिला बसवलेली चित्रा झडप भारतीय होती. अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी १९६० साली पिंजऱ्यातील चेंडूसारखी कृत्रिम झडप यशस्वी केली. पण परदेशी झडपा आपल्याकडील गरिबांना परवडणाऱ्या नव्हत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी देशी झडपेचा ध्यास घेतला. तीन नमुने फसले. चौथा, धातूच्या चौकटीत कलती होणारी प्लॅस्टिकची चकती असलेला, टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसवला गेला.

आज बहीण पन्नाशीला टेकली आहे. शांत रात्री कान लावला तर बारीक टिकटिक ऐकू येते. माझी मुलगी लहानपणी म्हणे, आत्याच्या छातीत घड्याळ आहे. त्या घड्याळाला शिस्त लागते. गोळी चुकवायची नाही, ठरल्या वेळी रक्त तपासायचे आणि मेथीची भाजी एक दिवस भरपूर नि आठवडाभर मुळीच नाही, असे करायचे नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेले. सांध्यांच्या तापाचेच निदान झाले. झडपेला किंचित इजा झाली होती. पण वेळ गेलेली नव्हती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन घेतले की जंतू पुन्हा उलटत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही. हे निदान एकविसाव्या वर्षापर्यंत, किमान दहा वर्षे, चालवावे लागते. प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर मी त्याची क्षमा मागितली. तो आज महाविद्यालयात शिकतो आहे.

विज्ञान पुढे गेले आहे. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेऊन झडप बसवली. नाशिकहून पेठचा घाट उतरले की जवळच असलेल्या वापीतही आता अशा झडपा तयार होतात. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या आरोग्य योजनेमुळे कित्येकांची शस्त्रक्रिया मोफत होते. याचा आनंद आहेच. तरीही झडप बदलण्याची वेळच न येणे श्रेष्ठ, आणि ते बरेचसे आपल्या हाती आहे.

त्रिरश्मी लेण्यांची सहल आपण सर्वांनी केली आहे. तेथील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धनच्या कारागीर श्रेणींकडे रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली. हेतू एकच: भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी आपल्याच नाशिकमध्ये एका स्त्रीने केलेले हे दान मी दरवर्षी मुलांना दाखवतो. यंदा ते माजी विद्यार्थ्यांना दाखवत आहे. वसतिगृहातील मुलांच्या औषधांसाठी, तपासणीसाठी आणि दवाखान्याच्या प्रवासासाठी अशीच एक लहानशी कायम ठेव आपण उभी करावी. आणि पालकहो, सुट्टीत घरी आलेल्या लेकराचा घसा दुखला, सांधे सुजले, तर हळद-मिठावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि आम्हालाही कळवा. दुखणे जागा बदलते असे मूल सांगेल, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा. ते मी उशिरा शिकलो.

जय भीम. नमो बुद्धाय.