रेब्बनाच्या चिखलातले दात

बल्लारशाहून सकाळची गाडी पकडली. वर्धा ओलांडली, विरूर मागे पडलं आणि फलाटांवरच्या पाट्या तेलुगू झाल्या. आसिफाबाद रोडला उतरून रिक्षाने रेब्बनाकडे निघालो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची वेचणी चालली होती.

या पट्ट्यात हाडं शोधायला माणसं फार पूर्वीपासून येतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात इकडच्याच मालेरीच्या तांबड्या मातीतले जीवाश्म गोळा केले. मालेरीचा नामांकित प्राणी हायपरोडॅपेडॉन: तोंड चोचीसारखं, वरच्या जबड्यात दातांच्या रांगाच रांगा. थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये त्याचं नातं न्यूझीलंडच्या तुआतारा या सरपटणाऱ्या प्राण्याशी जोडलं. पुढे ते नातं तुटलं, आणि तुटण्याचं एक मोठं कारण दातच. हायपरोडॅपेडॉनचे दात हाडात खोल रुतलेले. तुआताराचे जबड्याच्या काठावर, हाडाशी एकजीव झालेले.

तुआताराचे खरे भाऊबंद सापडले ते रेब्बनाजवळ, मालेरीच्या थराहून नव्या, ज्युरासिक काळातल्या कोटा थरात. तिथल्या पैकासिगुडेम गावची माती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडायचा. त्या चिकाटीतून जबड्यांचे चिमुकले तुकडे हाती लागले. सुसान इव्हान्स, जी. व्ही. आर. प्रसाद आणि बी. के. मन्हास यांनी २००१ मध्ये त्यांना नावं दिली: रेब्बनासॉरस आणि गोदावरीसॉरस.

बांधावरच्या बाभळीवर एक सरडा ऊन खात बसला होता. मी बराच वेळ त्याच्या जबड्याकडेच पाहत राहिलो. घरातल्या पालीचा दात पडला की नवा येतो. सरड्याच्या बाजूच्या दातांना ती सोय नाही; तेही तुआतारासारखे काठावर चिकटलेले. जबडा वाढेल तसे मागे नवे दात येतात, पुढचे झिजत जातात. म्हणून नखाएवढा तुकडासुद्धा सांगतो, जनावर कोवळं होतं की म्हातारं. याच मातीत सापडलेला भारतागामा हा प्राणी असल्याच दातांचा. तो सरड्यांच्या कुळातला की तुआताराचा सोयरा, हा वाद अजून मिटलेला नाही.

कोटा थर राज्याच्या सीमेपलीकडे आपल्या सिरोंचा तालुक्यातही आहे. तिथल्या बारापासॉरस या डायनोसॉरच्या अवाढव्य हाडांचं कौतुक सगळे करतात. तिकडे जाल तेव्हा या मिलिमीटरभर दातांचीही आठवण ठेवा, आणि मातीत काही दिसलं तर उचलू नका. जागेचा फोटो काढून जाणकारांना कळवा.