भिंतीआडच्या तारा

नवे घर घेतले की मनुष्याची दृष्टी प्रथम भिंतींकडे जाते. साताऱ्यातील एका पेठेत जुन्या वळणाचे घर विकत घेणाऱ्या एका कुटुंबाचेही तसेच झाले. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, तर मागचे स्वयंपाकघर मातीच्या भिंतींचे होते. अंगण ऐसपैस होते. परंतु आईच्या डोळ्यांत खुपत होत्या त्या विजेच्या तारा. लाकडी पट्ट्यांवर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी जखडलेल्या त्या काळ्या तारा दारांवरून, कोनाड्यांना वळसे घालीत घरभर पसरल्या होत्या. “एवढ्या तारा भिंतीत लपवा, म्हणजे घर कसे स्वच्छ दिसेल,” एवढेच तिचे मागणे होते.

कामासाठी एक वृद्ध वायरमन आले. त्यांनी मुख्य बटण बंद करून एक तार अलगद वाकवली. तिच्यावरचे रबर वाळक्या पानासारखे चुरून खाली पडले व आतला धातू उघडा पडला. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, ह्या तारा लपवायच्या नाहीत, काढून टाकायच्या. भिंतीत तार लपते, धोका लपत नाही.”

जुन्या तारा निघाल्या. दिव्यांसाठी १.५ आणि मोठ्या उपकरणांसाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या नव्या तांब्याच्या तारा आल्या. पूर्वी त्या घरात नसलेली अर्थिंगची हिरवी तारही आली. विटांच्या भिंतींत छन्नीने खाचा पाडून त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या बसविल्या. तार नळीतून नेली असता, पुढे ती बिघडली तरी भिंत न फोडता ओढून बदलता येते.

एके ठिकाणी वडील म्हणाले, “मिस्त्री, ही नळी तिरपी नेली तर तार वाचेल.”

“तार वाचेल साहेब, पण उद्या येथे खिळा ठोकणारा वाचेल का?” वायरमनांनी विचारले. बटणाच्या बोर्डापासून नळी सरळ उभी किंवा आडवी गेली, तर ती कोठून जाते याचा अंदाज कोणासही बांधता येतो. तिरप्या नळीचा माग लागत नाही.

स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला मात्र त्यांनी छन्नी लावू दिली नाही. खाचांनी ती भिंत दुबळी झाली असती. तेथे तुळईच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी बसवून तिला भिंतीचाच रंग दिला. आई थोडी हिरमुसली. पण चार दिवसांत ती पट्टी कोणाच्या नजरेसही येईना.

गिलाव्याच्या दिवशी गवंडी माल कालवून खोळंबला होता. तरीही वायरमनांनी घरातील बारा वर्षांच्या मुलीला बोलावून प्रत्येक नळीचे कोपऱ्यापासूनचे अंतर मोजावयास लावले. “मी फोनवर छायाचित्रे काढते ना!” ती म्हणाली.

“तीही काढ, बाळ. पण फोन बदलतो, घर राहते. कागदावर नकाशा काढ आणि तो खरेदीखताबरोबर ठेव.”

दीड महिन्याने आजोबांची तसबीर लावण्याचे ठरले. बैठकीच्या भिंतीचा बरोबर मध्य आईने नेमून दिला. वडिलांनी खिळा टेकवून हातोडा उगारला, तोच मुलगी नकाशा घेऊन धावत आली. खाली कपाटाआड एक बोर्ड होता. त्याची कोणालाच आठवण राहिली नव्हती. त्याची नळी नेमकी त्या खिळ्यामागून वर गेली होती. वडिलांचा हात तसाच खाली आला. काही वेळ कोणीच बोलले नाही.

सौंदर्यासाठी एखादी गोष्ट झाकण्यात दोष नाही. मात्र जो झाकतो, त्याने ती लक्षात ठेवण्याचा भारही उचलला पाहिजे.

आजोबांची तसबीर आज मध्यापासून वीतभर डावीकडे आहे. पाहुणे कधी कधी त्याचे कारण विचारतात. तेव्हा नीटनेटकेपणाचा एवढा सोस असलेली आई हसते आणि मुलीला खरेदीखताची फाईल आणावयास सांगते.