मंडळीचा कॉम्प्युटर कोण सांभाळणार?

घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असलं की काय होतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. बाई चार दिवस माहेरी गेली की इकडून फोन सुरू. हळद कुठाय, गॅसचं पुस्तक कुठाय, धाकट्याचा युनिफॉर्म कुठाय. आपण वैतागतो आणि मनातून थोड्या सुखावतोही. पण हीच गत एखाद्या सार्वजनिक कामाची झाली, तर त्यात हसण्यासारखं काही राहत नाही. आज मी अशाच एका कामाबद्दल लिहिणार आहे, ते म्हणजे चर्चमधला कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वाचा. भजनी मंडळ, देवस्थानची कमिटी, महिला मंडळ, कुठलंही नाव घाला, बाकी सगळं तेच निघेल.

आमच्या वऱ्हाडात ख्रिस्ती वस्ती थोडी, पण जुनी. अकोल्याकडे अलायन्स मिशनचं काम शंभर वर्षांहून अधिक जुनं आहे. अमरावतीला कॅथॉलिक धर्मप्रांत १९५५ साली झाला. मी ज्या चर्चमध्ये जाते ते लहानसं. चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून आम्ही ‘मंडळी’ म्हणतो, धर्मगुरूंना ‘पाळक’ आणि रविवारच्या प्रार्थनेला ‘उपासना’. सासूबाई सांगतात, त्यांच्या काळी नाताळचा कार्यक्रम स्टेन्सिलवर टाइप करून सायक्लोस्टाइल करायचे आणि त्या शाईनं दोन दिवस बोटं काळी राहायची. आता ती शाई गेली, पण काम मात्र दहापट वाढलं. गाण्याच्या ओळी पडद्यावर दाखवायच्या, दानाचा हिशेब ठेवायचा, व्हॉट्सॲपवर निरोप द्यायचे, आजाऱ्यांसाठी उपासना मोबाइलवरून दाखवायची, क्यूआर कोड लावायचा. पाळकांना धर्मशास्त्र येतं, हे सगळं त्यांना कुठून येणार?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एकच असतं. मंडळीत एक हुशार पोट्टं असतं. आमच्याकडेही होतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. ती आपल्या राज्यात उघडली थेट १६ नोव्हेंबरला. पुढे २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी आली. त्या दिवसांत या मुलानं एका मोबाइलवर आणि एका साध्या माइकवर आमची उपासना घरोघर पोचवली. अंथरुणाला खिळलेल्या एक आजी मोबाइल उशीला टेकवून गाणी म्हणायच्या. एकट्या राहणाऱ्या बाईला त्या तासाभरात चार ओळखीचे आवाज ऐकू येणं म्हणजे काय, हे त्यांना बघितलेल्यांनाच कळेल.

मग त्या मुलाला पुण्याला नोकरी लागली. आनंदच झाला सगळ्यांना. शाल-नारळ झाला, फोटो झाले. नाताळच्या आदल्या रात्री उपासना दाखवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की चर्चचा ई-मेल त्याच्या नावावर, यूट्यूबचं चॅनल त्याच्या ई-मेलवर आणि ओटीपी येतो तो त्याच्या मोबाइलवर. तो रात्रपाळीला, त्यामुळे फोन जमा. सगळी मंडळी खोळंबली. त्यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दुसरं कोणी शिकायला पुढे आलंच नव्हतं, मग त्यानं सांगायचं तरी कोणाला?

जानेवारीत पाळकांनी विचारलं, “हे काम आता कोण घेतं?” पुरुषमंडळी एकमेकांकडे बघू लागली. मी शाळेत प्रश्नपत्रिका टाइप करते, टाळेबंदीत मोबाइलवरून तासही घेतले होते, म्हणून मी हात वर केला. पण एक अट घातली की मी एकटी नाही, आम्ही तिघी. एक बी.कॉम. झालेली नवी सून आणि एक निवृत्त नर्सबाई. नर्सबाई आधी म्हणाल्या, “मले नाही जमत व माय, त्या डबड्यातलं मले काय समजते?” मी म्हटलं, “काकू, तीस वर्षं तुम्ही वॉर्डातलं एकेका पेशंटचं औषध वेळेवर नोंदलंत. इथेही नोंदीच तर ठेवायच्या आहेत.” आमच्या यांनी घरी एवढंच विचारलं, “रविवारचं जेवण वेळेवर मिळेल ना?” मिळतं. कधी खिचडी मिळते, पण मिळतं.

पहिलं काम हाती आलं ते गाण्यांचं. जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली शेकडो गाणी होती, पण नव्या मशीनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! कारण साधं आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, ‘क’ चा २३२५. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. जुन्याचं नवं करून देणारी साधनं फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार त्यांत हमखास बिघडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. ते सुधारायला डोळ्यांत तेल घालून वाचणारं माणूसच लागतं. इथे माझं बी.ए.चं मराठी कामी आलं. रोज दुपारी पाच गाणी, भाजी निवडावी तशी निवडली. पडद्यावर ओळी दाखवायला ओपनएलपी आणि पत्रकं करायला लिब्रेऑफिस, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींत युनिकोड मराठी चालतं.

हे काम करताना मला वारंवार पंडिता रमाबाई आठवल्या. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनात छापखाना होता आणि तो तिथल्या मुली-बायका चालवायच्या, हे फारसं कोणी सांगत नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते काम जेमतेम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बायबल छापून झालं १९२४ मध्ये. शिशाचे खिळे एकेक करून त्या बायकांनीच जुळवले, मुद्रितं तपासली, छापलं, बांधणी केली. समाजानं ज्यांना टाकून दिलं होतं त्या विधवा आणि अनाथ मुलींनी त्या काळचं अवघड यंत्र चालवलं. मग आपल्या हातातलं की-बोर्डाचं बटण तेवढं अवघड का वाटावं?

दुसरं काम नोंदवह्यांचं. पेन्शनच्या कागदांसाठी एका विधवा बाईंना आपल्या लग्नाची १९७१ सालची नोंद हवी होती. ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२ चा. त्यामुळे चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची नोंद तिथल्या वहीत होते आणि त्या उताऱ्याला किंमत असते. वही सापडली, पण कडा कसरीनं खाल्लेल्या. पान उलटताना तुकडे हातात येत होते. नोंद वाचता आली म्हणून बाईंचं काम झालं. त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या वह्यांचे फोटो काढायला बसलो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल पानाच्या अगदी वर सरळ धरून. प्रत्येक फोटोला साल आणि पानाचा नंबर दिला, ०१२ असा आधी शून्य लावून, म्हणजे क्रम बिघडत नाही. तीन प्रती ठेवल्या. एक चर्चच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक चर्चच्या इमारतीबाहेर, कुलपात. कैरीचं लोणचं आपण एकाच बरणीत ठेवतो का? तसंच हे. मूळ वह्या मात्र अजून जपायच्याच, फोटो हा त्यांना पर्याय नाही.

आता जे सांगायचं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. आमच्या व्हॉट्सॲप गटावर लोक प्रार्थनेच्या विनंत्या टाकतात. कोणाचं ऑपरेशन, कोणाची परीक्षा. एका सुनेनं लिहिलं, नवरा फार पितो, हात उगारतो, प्रार्थना करा. गट जवळजवळ दोनशे जणांचा. रात्रीच्या आत त्या मजकुराचा फोटो तिच्या सासरच्या नातेवाइकांपर्यंत पोचला होता. पुढे त्या घरात काय झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की दोन महिने ती चर्चला आली नाही, आणि आली तेव्हा मागच्या बाकावर बसली.

त्या दिवशी मला कळलं की या कामाला नुसता हुशार मुलगा पुरत नाही. मशीन कसं चालवायचं ते तो दाखवील. पण मशीनमध्ये काय घालायचं आणि काय घालायचं नाही हे ठरवायला, चारचौघांत बोललेल्या एका वाक्याची किंमत बाईला काय मोजावी लागते, हे जाणणारं माणूस हवं. ते आपण जाणतो. शेजारणीचं दुःख पदराखाली ठेवायची आपल्याला सवय आहे. आम्ही नियम केला. मोठ्या गटावर फक्त पाळक आणि आम्ही तिघी निरोप टाकणार. घरातली गोष्ट तोंडी सांगायची, पाळकांना किंवा त्यांच्या पत्नीला. आजाऱ्याचं नाव टाकायचं तर आधी घरच्यांना विचारायचं, आजाराचं नाव टाकायचंच नाही. आणि ज्या बाईला मार बसतो तिला नुसतं “प्रार्थना करतो” म्हणून सोडायचं नाही. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर आता आमच्या स्त्री-मंडळातल्या प्रत्येकीला पाठ आहे. माणसांची खासगी माहिती जपण्याबद्दल देशात २०२३ साली कायदाही झाला. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

पैशांचंही असंच. पाळकांचा फोटो लावून कोणीतरी भलत्याच नंबरवरून लिहितं, “मी मीटिंगमध्ये आहे, तातडीनं पैसे पाठवा.” असले प्रकार आता सगळीकडे चालतात. आमचा नियम असा, की आवाज ऐकल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. स्वतःच्या जुन्या नंबरवरून पाळक बोलले तरच खरं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, हे आम्ही म्हाताऱ्या बायकांकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. दानपेटीजवळचा क्यूआर कोड दर रविवारी एकदा स्वतःच्या मोबाइलनं तपासायचा, चर्चचंच नाव येतं ना ते बघायचं. नर्सबाई ते काम इतक्या इमानानं करतात, की वॉर्डाचा राउंडच जणू.

राहिला प्रश्न खर्चाचा. “बायका करताहेत ना, मग पैसे कशाला?” असं कोणी उघड म्हणत नाही, पण मनात असतं. आम्ही कमिटीपुढे कागद ठेवला. हार्ड डिस्क, इन्व्हर्टरची बॅटरी, नेटचं भाडं, वर्षातून एकदा मशीनची साफसफाई. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आतल्या पंख्यात धूळ बसली की मशीन तापून बंद पडतं. चर्चच्या रंगकामासाठी जसे पैसे बाजूला ठेवतात तसेच यासाठी ठेवा, म्हटलं. थोडी कुरकुर झाली, पण वर्षाच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढली. ती ओळ मला शाल-नारळापेक्षा मोलाची वाटते.

आता ई-मेल चर्चच्या नावावर आहे. ओटीपीचा मोबाइल चर्चचा आहे आणि तो पाळकांच्या घरी असतो. पासवर्ड एका वहीत लिहून, पाकिटात बंद करून, कपाटात ठेवलेले आहेत. ते कुठे आहेत हे चौघांना ठाऊक आहे. पुण्याचा तो मुलगा सुट्टीत आला की आम्ही अडलेलं विचारून घेतो आणि तोही मन लावून शिकवतो.

मैत्रिणींनो, तुमचं मंडळ कुठलंही असो, येत्या बैठकीत तीन प्रश्न जरूर विचारा. आपला ई-मेल आणि गट कोणाच्या नावावर आहे? ते माणूस उद्या गावाला गेलं तर दुसऱ्या कोणाला सगळं ठाऊक आहे? आणि आपल्या गटावर लिहिलेल्या गोष्टी कोण कोण वाचतं? उत्तर देताना कोणी चाचरलं तर रागावू नका. “मी शिकते, पण माझ्यासोबत आणखी एकीला घ्या,” एवढंच म्हणा.