आधी कोणी जेवायचे?

इस्राएलमधल्या बेने इस्राएल घरांत आता कुत्रा सोफ्यावर झोपतो. आजी-आजोबांना याचे नवल वाटते, कारण कोकणातल्या गावी कुत्रा घराचा असला तरी घरात नसे. तो अंगणात पडून राही. उरलीसुरली भाकरी खाई आणि रात्री कोणी आले की भुंके. हाक मारली की यायचे, एवढेच त्याचे शिक्षण. इथे नातवंडे कुत्र्याशी हिब्रूत बोलतात आणि आजी मराठीत. कुत्र्याला दोन्ही समजते. नातवंडांनी यातून काही घ्यावे, पण तो विषय वेगळा.

घरात कुत्रा आला की सल्ला देणारेही येतात. त्यांतला सर्वांत हट्टी सल्ला असा: कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा घरातला म्होरक्या कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून दाखवा. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. गुरगुरला तर उताणा पाडून, शरण येईपर्यंत दाबून धरा.

हा म्होरक्या आला कुठून? 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लेख लिहिला. कुंपणात एकत्र कोंडलेले ते लांडगे वरच्या जागेसाठी भांडत. अमेरिकेच्या डेव्हिड मेच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ही कल्पना सगळीकडे पोचली. पुढे मेच यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समीर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले. तिथे त्यांना दिसले ते आई, बाप आणि त्यांची पिल्ले. पिल्ले मोठ्यांचे ऐकत होती, ती आईबाप म्हणून. कुस्ती हरली म्हणून नव्हे. 1999 मध्ये त्यांनी हे लिहून टाकले आणि स्वतःच्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. अशी माणसे विरळाच. सल्ला मात्र अजून फिरतोच आहे.

जेवणाच्या बाबतीत तर हा सल्ला यहुदी घरात बसतच नाही. शेमाच्या दुसऱ्या भागात आधी गुरांसाठी रानातल्या गवताची गोष्ट येते आणि माणसाचे पोट भरण्याची नंतर. या क्रमावरूनच तलमुदात रव यांच्या नावाने नियम सांगितला आहे: आपल्या जनावराला घातल्याशिवाय माणसाने खाऊ नये. (पाण्याचे उलटे. रिबकाने आधी माणसाला पाजले, मग उंटांना.) आधी जेवल्याने कुत्रा घराचा राजा होत नाही. अन्न कोणाच्या हातून येते, तेवढे मात्र तो पक्के लक्षात ठेवतो.

ही गोष्ट याच देशात एका बाईने वर्षानुवर्षे कामातून दाखवली. रुडोल्फिना मेंझेल, जन्म 1891, व्हिएन्नाच्या. ऑस्ट्रियात त्यांचे नाव पोलीस-कुत्र्यांच्या शिक्षणासाठी झाले होते. 1938 मध्ये त्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या. हगानाला पहाऱ्यासाठी कुत्रे हवे होते, आणि युरोपातून आणलेल्या जातींना इथले ऊन सोसत नव्हते. मेंझेलबाईंची नजर बेदुइनांच्या तळांभोवती फिरणाऱ्या, कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यांवर गेली. असा कुत्रा माणसाला जवळ येऊ देत नाही. त्यांतल्या एका नराला आपलासा करायला त्यांना सुमारे सहा महिने लागले. पण हाती आल्यावर काही आठवड्यांतच तो त्यांच्याबरोबर गावात, बसमध्येसुद्धा जाऊ लागला. त्याचे नाव ठेवले दुग्मा, म्हणजे नमुना. (मराठीत आपण ज्या अर्थाने एखाद्याला ‘नमुना’ म्हणतो, तोही लागू पडला असेल.) अशा कुत्र्यांपासूनच आजची कनानी जात तयार झाली. याच जातीचे कुत्रे पुढे पहाऱ्याला आणि सुरुंग शोधायला उपयोगी पडले. ज्याला पळून जायला सगळे वाळवंट मोकळे आहे, त्याच्यावर म्होरकेपण गाजवणार कसे?

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दाबून धरण्यात खरा धोका आहे, आणि तो घरातल्या लहान मुलाला आहे. गुरगुरणे ही सूचना असते: मला भीती वाटते, लांब राहा. त्याबद्दल मार बसला, तर कुत्रा भ्यायचे थांबत नाही, सूचना द्यायचे थांबतो. मग तो एक दिवस न गुरगुरता चावतो आणि सगळे म्हणतात, अचानक चावला. गुरगुरला की त्याला मोकळी वाट द्यावी, मुलाला बाजूला घ्यावे आणि कशाला घाबरला ते शोधावे.

पण माया म्हणजे मोकाट सोडणेही नव्हे. पंचवीस किलोचा कुत्रा प्रेमाने अंगावर उडी मारतो आणि आजी पडते, तेव्हा मोडते ते आजीचे हाड. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की लाड करायचे. हे घरातल्या प्रत्येकाने, रोज, न चुकता करायचे. नातू उडीला हसला आणि आजी रागावली, तर कुत्रा कोणाचे ऐकणार?

दोरी ओढणाऱ्या कुत्र्याचेही तसेच. झटका द्यायचा नाही, ओरडायचे नाही. त्याने ओढले की झाडासारखे उभे राहायचे. तो वळून बघतो, दोरी सैल पडते, मग चालायला लागायचे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या मकोलेतपर्यंत जायला अर्धा तासही लागेल, म्हणून दूध संपायच्या आधीच निघावे.